‘मी करलं!’ म्हणणारं मूल काय शिकत असतं?

माझी लेक सव्वादोन वर्षांची आहे. परवा तिने ठोकळ्यांचा मनोरा रचला. सहा ठोकळे पटापट चढले. सातवा ठेवताना जीभ बाहेर आली, श्वास रोखला गेला, ठोकळा ठेवून तिने हात अगदी हळू मागे घेतला, आणि तो पडत नाही म्हटल्यावर माझ्याकडे वळून ओरडली, “बाबा, मी करलं!”

‘केलं’ नाही, ‘करलं’. गंमत अशी की दोन महिन्यांपूर्वी हीच मुलगी स्वच्छ ‘केलं’ म्हणायची. मग मधेच काय बिघडलं?

बिघडलं काहीच नाही. आमच्या घरात कुणी ‘करलं’ म्हणत नाही, म्हणजे तिने हा शब्द ऐकून उचललेला नाही. तो तिने स्वतः घडवलाय. पड-पडलं, बस-बसलं, धर-धरलं, भर-भरलं, एवढं कानावर पडल्यावर ‘कर’चं काय व्हायला हवं? करलंच! तिचा हिशेब चोख आहे. आडमुठेपणा भाषेचा आहे, कारण ‘कर’, ‘जा’, ‘ये’, ‘दे’ अशी उठता-बसता लागणारी क्रियापदंच नेमकी नियम मोडतात: केलं, गेलं, आलं, दिलं. सतत तोंडात असल्यामुळेच त्यांची ही वेगळी रूपं टिकून राहिली आहेत. क्वचित लागणारं क्रियापद नियमाबाहेर फार काळ राहू शकत नाही, लोक त्याचं वेगळं रूप विसरून जातात.

दोन महिन्यांपूर्वीचं तिचं ‘केलं’ पाठ झालेलं होतं. आताचं ‘करलं’ समजून आलेलं आहे. भाषेच्या अभ्यासकांना ही वाट चांगली ओळखीची आहे. मूल आधी ऐकलेलं रूप जसंच्या तसं म्हणतं आणि ते बरोबर असतं. मग नियम हाती लागतो, तो दिसेल तिथे लावला जातो आणि चुका सुरू होतात. पुढे अपवाद एकेक करून पक्के होतात आणि बोलणं पुन्हा बरोबर येतं. मधल्या टप्प्यावर मूल मागे गेल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ते पुढे गेलेलं असतं.

अमेरिकेत जीन बर्को या संशोधिकेने १९५८ साली हे फार सुंदर रीतीने दाखवून दिलं. तिने चार ते सात वर्षांच्या मुलांना पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा ‘वग’. मग दोन प्राण्यांचं चित्र दाखवून विचारलं, आता हे दोन काय? मुलं म्हणाली, ‘वग्ज’. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, तरी त्याचं अनेकवचन त्यांना येत होतं. मराठीत घरच्या घरी करून बघा. जरा मोठ्या मुलाला बाहुली उड्या मारताना दाखवा आणि म्हणा, ‘बाहुली टिमतेय. काल पण ती...?’ बहुतेक करून ‘टिमली’ असंच उत्तर येईल. ‘टिमणे’ असं क्रियापद कुठल्याच कोशात नाही.

आता प्रश्न येतो, सुधारावं का? माझं मत स्पष्ट आहे: अडवून सुधारू नये. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० साली आई आणि मुलांच्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या. आईवडील व्याकरण फारसं सुधारतच नाहीत, ते खरं-खोटं तेवढं सुधारतात, असं त्यांना आढळलं. आपणही हेच करतो. मूल कावळ्याकडे बघून ‘चिमणी उडाली’ म्हणालं की आपण लगेच सांगतो, “अगं, तो कावळा!” ‘कावळा उडाली’ म्हणालं तर “हो, उडाला हं” म्हणून मोकळे होतो. तरीही मुलं व्याकरण शिकतातच. मी लेकीला फक्त उत्तर देतो, “हो, तू केलंस! सात ठोकळे रचलेस!” बरोबर रूप तिच्या कानावर पडतं आणि तिचा आनंदही मोडत नाही.

आपल्या मुलाच्या अशा चुका टिपून ठेवणाऱ्यांमध्ये फार मोठी माणसं होऊन गेली. चार्ल्स डार्विनने १८३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या बारीकसारीक गोष्टी वहीत लिहून ठेवल्या होत्या आणि १८७७ साली ‘माइंड’ या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. बरोबर एक वर्षाचा झाल्यावर या मुलाने खाण्यासाठी स्वतःचा एक शब्द काढला: ‘मम’. आपल्याकडची ‘मंमं’ आठवून मला हे वाचताना फार जवळचं वाटलं. पुढची गंमत त्याहून मोठी. साखरेला तो ‘शू-मम’ म्हणू लागला आणि ‘ब्लॅक’ हा शब्द शिकल्यावर ज्येष्ठमधाला ‘ब्लॅक-शू-मम’, म्हणजे काळं-गोड-खाणं. मोजकेच शब्द येणारं मूल सामासिक शब्द बनवत होतं!

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनीही तान्ह्या बाळांच्या मनाचा आपला सिद्धांत उभा केला तो स्वतःच्या तीन मुलांकडे बघून. वस्तू डोळ्याआड झाली तरी ती असते, हे बाळाला हळूहळू कळत जातं, हे त्यांनी मांडलं. आठ ते बारा महिन्यांच्या बाळासमोर खेळणं दोन-तीनदा डावीकडच्या फडक्याखाली लपवा, ते बरोबर काढेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत उजवीकडे लपवा. बाळ पुन्हा डावीकडचंच फडकं उचलतं. आपण चक्रावतो. पण जुनी, सरावाची हालचाल थांबवून नवी करणं हे कपाळामागच्या मेंदूचं काम आहे आणि तो भाग सगळ्यात सावकाश तयार होतो. पुढे संशोधकांनी हेही दाखवलं की वस्तू टिकून राहतात याची काहीशी जाण पियाजेंना वाटलं त्यापेक्षा बरीच आधी असते. हात मात्र त्या जाणिवेच्या मागे राहतात.

पहिला शब्द येण्याआधी कानात केवढी उलथापालथ होऊन गेलेली असते, याची आपल्याला कल्पनाच नसते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मोठ्या माणसाला आपला ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू येणं फार अवघड जातं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हेच दोन आवाज ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला होता. १९८४ सालचा हा अभ्यास आहे. म्हणजे बाळ कुठल्याही भाषेसाठी उघडे कान घेऊन येतं आणि वर्षाच्या आत आपल्या घरच्या भाषेपुरते ते नेमके करून घेतं. मेंदूतही असंच घडतं. पेशींमधले जोड आधी मोठ्या माणसापेक्षाही जास्त तयार होतात, वापरातले पक्के होतात, बाकीचे छाटले जातात. ‘शिकणं म्हणजे भर पडणं’ एवढंच आपण धरून चालतो. बाळाच्या बाबतीत गाळणं हेही शिकणंच आहे.

दुसरा प्रश्न मला वर्षानुवर्षं पडलेला होता. आपण बोलताना शब्दांच्या मधे थांबत नाही, सगळं एका धारेत वाहत असतं. मग बाळाला एक शब्द कुठे संपला हे कळतं कसं? जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी १९९६ साली आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं एक निरर्थक अक्षरमाळ ऐकवली, ‘बिडाकुपाडोटीगोलाबु...’ अशी. कुठेही थांबणं नाही, कुठल्या अक्षरावर जोर नाही. त्यात काही अक्षरं नेहमी एकामागोमाग येत होती, बाकीच्यांची जोडी बदलत होती. दोन मिनिटांनंतर बाळांना त्या नेहमीच्या जोड्या ओळखीच्या झाल्या होत्या. मांडीवर पडून आपल्या गप्पा ऐकणारं बाळ मनात अशी मोजदाद करत असतं, आणि आपल्याला वाटतं ते पंख्याकडे बघतंय!

लेक चौदा महिन्यांची असताना तिचं सगळं जग ‘भूभू’ होतं. कुत्रा भूभू, गाय भूभू, शेजारच्यांची मांजर भूभू. मला वाटलं, हिला फरक कळत नाही. मग एका दुपारी मी चार चित्रं समोर मांडून विचारलं, “भूभू कुठंय?” बोट थेट कुत्र्यावर. “माऊ?” बोट मांजरावर. फरक तिला कळत होता, तोंडात शब्द एकच होता. साधारण तेरा महिन्यांच्या मुलाला पन्नासेक शब्द समजतात, तेवढे बोलता मात्र दीड वर्षाच्या आसपास येतात. मूल बोलत नाही म्हणजे त्याला कळत नाही, असं समजून त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलत राहणारी मोठी माणसं बघितली की मला वाईट वाटतं.

आता पडण्याबद्दल. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांची मुलं मनमोकळं खेळत असताना त्यांची पावलं मोजली. २०१२ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास सांगतो की मूल तासाला सरासरी २३६८ पावलं टाकतं, ७०१ मीटर अंतर कापतं आणि १७ वेळा पडतं. तासाला सतरा वेळा! मोठ्या माणसाला कुठल्या कामात तासाला सतरा वेळा अपयश आलं, तर ते काम तो दुसऱ्या दिवशी हातात घेईल का? मुलं मात्र रांगणं छान जमत असताना ते सोडून डुगडुगत उभी राहतात. अडॉल्फ यांनी त्याचंही उत्तर शोधलं. नव्याने चालणारं मूल मुरलेल्या रांगणाऱ्यापेक्षा जास्त अंतर जातं, आणि तेवढ्या अंतराच्या मानाने ते काही जास्त पडत नाही. चालण्याचा व्यवहार त्याला पहिल्या दिवसापासून परवडतो.

अडॉल्फ यांचं उतारांवरचं कामही असंच डोळे उघडणारं आहे. रांगण्यात तरबेज झालेलं बाळ उतार फार तीव्र असेल तर काठावरच थांबतं. तेच बाळ उभं राहून चालायला लागलं की त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकतं (खाली धरायला माणूस असतो, काळजी नको). रांगताना मिळवलेलं शहाणपण चालण्याच्या कामी येत नाही, नव्या शरीरासाठी ते पुन्हा मिळवावं लागतं. ‘काल तर कळत होतं, आज कसं कळत नाही?’ असं पुटपुटत मीही लेकीमागे धावलोय. तिला खरोखरच कळत नव्हतं.

पडल्यावरच्या अर्ध्या क्षणाबद्दल थोडं सांगायलाच हवं. लेक पडते, तळहात जमिनीवर, मान वर. रडू अजून आलेलं नसतं. खालचा ओठ नुसता थरथरतो. आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघते. त्या अर्ध्या क्षणात ती विचारत असते, ‘बाबा, हे किती वाईट होतं?’ माझा चेहरा घाबरलेला दिसला की भोकाड. मी शांतपणे “पडलीस? ऊठ बरं” म्हटलं की बरेचदा हात झटकून पुढे. १९८५ सालच्या एका प्रयोगात वर्षाच्या बाळांना काचेच्या पृष्ठभागावर ठेवलं होतं, काचेखाली तीसेक सेंटिमीटरचा खड्डा दिसत होता. पलीकडे आई उभी. आईने हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही. आई एक शब्दही बोलली नव्हती. हे वाचल्यापासून मी माझ्या चेहऱ्याची काळजी घेतो. खरंच लागलं असेल तेव्हा अर्थातच जवळ घेतो, ते वेगळं.

चमचा खाली टाकणं हा तर घरोघरचा विषय. टाकला, आपण उचलून दिला, परत टाकला. वैताग येतो, पण दहाव्या वेळी मुलाच्या डोळ्यांकडे बघा, ते चमच्यामागे खालपर्यंत जातात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एमी स्टाल आणि लिसा फायगेनसन यांनी २०१५ साली अकरा महिन्यांच्या बाळांना दोन अशक्य गोष्टी दाखवल्या. काहींना चेंडू भिंतीतून आरपार गेल्यासारखा दाखवला, काहींना गाडी हवेत तरंगल्यासारखी. मग ती वस्तू हातात दिली. चेंडूवाल्या बाळांनी चेंडू आपटून बघितला: कडक आहे ना? गाडीवाल्यांनी गाडी खाली टाकून बघितली: पडते ना? ज्या नियमाबद्दल शंका आली, नेमका तोच तपासला. आमच्या चमच्याला तेव्हापासून घरात मान आहे.

सगळ्यात हसवणारी चूक आकाराची. दीड वर्षाची असताना लेक बोटभर लांबीच्या खेळण्यातल्या गाडीत बसायला निघाली. एक पाय उचलून गाडीच्या टपावर ठेवला, जागा नाही म्हणून दुसरीकडून प्रयत्न केला, मग गंभीर चेहऱ्याने गाडीचं दार शोधू लागली. ज्यूडी डेलोश आणि सहकाऱ्यांनी २००४ साली १८ ते ३० महिन्यांच्या मुलांमध्ये असे प्रकार नोंदवले: बाहुलीच्या खुर्चीवर बसणं, इवल्याशा घसरगुंडीवरून घसरू पाहणं. त्यांचा खुलासा असा: ‘ही गाडी’ हे ओळखणं आणि ‘हिचा आकार एवढा’ हे हाताला सांगणं, ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. गाडी म्हटली की ‘आत बसायचं’ हा बेत आधी ठरतो. आकाराची माहिती त्या बेताला आडवी यायला हवी, ती या वयात कधीकधी वेळेवर पोहोचत नाही.

याच सुमाराला आरशातलं बाळ म्हणजे आपणच, हेही कळतं. नाकाला नकळत रंग लावला तर दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मुलं आरसा सोडून स्वतःच्या नाकाला हात लावू लागतात. ‘माझं! माझं!’चा धडाकाही त्यानंतर फार दूर नसतो.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते दुसऱ्याचं मन कळू लागणं. बेटी रेपाकोली आणि ॲलिसन गॉपनिक यांनी १९९७ साली मुलांसमोर दोन वाट्या ठेवल्या, एकीत बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. मुलांना अर्थात बिस्किटं आवडत होती. प्रयोग करणाऱ्या बाईंनी ब्रोकोली खाऊन ‘अहाहा’ केलं, बिस्किटं खाऊन तोंड वाकडं केलं, आणि हात पुढे केला: मला थोडं दे. चौदा महिन्यांच्या मुलांनी बिस्किटं दिली. अठरा महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. मला जे आवडतं ते हिला आवडत नाही, तरी हिला हवं ते हिला द्यावं, एवढी मोठी गोष्ट चार महिन्यांत उमगलेली असते.

फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांचा २००६ सालचा प्रयोग मी कितीदा तरी लोकांना सांगतो. कपडे वाळत घालताना माणसाच्या हातून चिमटा पडतो, त्याचा हात पोहोचत नाही. दीड वर्षाचं मूल दुडदुडत येतं आणि चिमटा उचलून देतं. कुणी सांगितलेलं नाही, बक्षीस नाही, शाबासकीही नाही. त्याच माणसाने चिमटा मुद्दाम फेकला तर मूल सहसा उठत नाही. म्हणजे पडलेलं उचलायचं ही सवय नव्हे, याला मदत हवी आहे हे त्याला कळलेलं असतं. दोन वर्षांनी त्यांनीच हेही दाखवलं की मदतीबद्दल खेळणं बक्षीस दिलेली मुलं पुढच्या वेळी कमी मदत करतात. त्यामुळे लेक घड्या घातलेले कपडे ‘घडी करायला’ पुन्हा उलगडते, तेव्हा मी तिला बाजूला करत नाही. काम दुप्पट होतं, होऊ दे.

हे सगळं मूल शिकतं ते माणसाकडून. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळत-बोलत बारा वेळा ऐकवली, तेव्हा त्या भाषेचे आवाज बाळांना ओळखू येऊ लागले. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तर काही फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असं सांगितलं.

तुलनेचं म्हणाल तर, याच संघटनेच्या २००६ सालच्या पाहणीत निरोगी मुलं आधाराशिवाय चालू लागण्याचं वय सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं होतं. त्यामुळे अमक्याचं मूल आधी चाललं म्हणून झोप उडवून घेऊ नका. मात्र वर्ष-सव्वा वर्षानंतरही मूल बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द गमावत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

यातलं लेकीला काहीही आठवणार नाही. मोठेपणी माणसाला साधारण तीन वर्षांच्या आधीचं जवळजवळ काहीच आठवत नाही. म्हणून मीही एक वही केली आहे, तारीख आणि एक-दोन ओळी. ‘करलं’ आता जायला लागलंय. परवा मनोऱ्यापाशी म्हणाली, काल दिवसभरात एकदाही नाही. दोनदा ‘केलं’ ऐकलं, आणि वहीत ते लिहिताना हात थोडा रेंगाळला.

आजची नोंद: खिडकीच्या काचेवर माशी. लेक खुर्चीवर गुडघे टेकून, नाक काचेला लावून. माशी उडाली, पडद्यामागे गेली, परत आली. “बाबा, माशी जाली.” थोडा वेळ शांतता. “बाबा! माशी येली!”